आधी यादी, मग तारीख, मग हॉल: मुंबईत बजेटमधलं रिसेप्शन

लग्न ठरलं की पुढच्याच रविवारी दोन्हीकडची चार-सहा माणसं हॉल बघायला निघतात. त्यातला एक हॉल सगळ्यांना आवडतो, व्यवस्थापक "ही तारीख आणखी दोघांनी विचारलीय" म्हणतो, आणि तिथल्या तिथे टोकन दिलं जातं. किती माणसं येणार, ती कुठून येणार, ताट केवढ्याला पडणार, याचा हिशेब घरी आल्यावर सुरू होतो. बजेट फुगतं ते इथे. हॉलचं भाडं हा एकूण खर्चाचा लहान तुकडा असतो. पण हॉल ठरला की केटरर, डेकोरेशन, वीज आणि वेळ यांतलं बरंचसं आपोआप ठरून जातं.

म्हणून इथे हॉल बघण्याची पायरी बरीच खाली, आठव्या क्रमांकावर आहे. तिच्याआधीचं काम घरी बसून, वही आणि फोन घेऊन करायचं आहे.

## १. यादी: माणसं नव्हे, घरं मोजा

"साधारण तीनशे होतील" ही यादी नव्हे. वहीत दोन्ही पक्षांची घरं लिहा, एका ओळीत एक घर. प्रत्येक घरासमोर चार रकाने: किती माणसं येऊ शकतात, राहतात कुठे (जवळचं स्टेशन), लग्नालाही बोलावलंय का, आणि येण्याची शक्यता. शक्यतेसाठी तीन खुणा पुरतात: नक्की, बहुतेक, औपचारिक.

मग बेरीज अशी करा. "नक्की"मधली सगळी माणसं धरा, "बहुतेक"मधली दोनतृतीयांश धरा, "औपचारिक"मधली चारातलं एक धरा. समजा नक्की १६०, बहुतेक १५० आणि औपचारिक १६० आहेत. म्हणजे १६० अधिक १०० अधिक ४०, एकूण ३००. पत्रिका ४७० माणसांना गेल्या तरी हॉल ३००चा बघायचा.

घोटाळा हमखास होतो तो ऑफिसच्या आणि सोसायटीच्या आमंत्रणात. ऑफिसातून बहुधा एकेकटी माणसं येतात, सोसायटीतून अख्खं घर येतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्रिका टाकली, तर त्या ग्रुपमधली माणसंही यादीत आली पाहिजेत. ती येणारच नाहीत असं धरून चालू नका.

तपासा: लग्नाला जेवून गेलेली घरं रिसेप्शनला पुन्हा बोलवायची का, हे दोन्ही पक्षांनी एकत्र बसून ठरवलं आहे का? बजेटमध्ये सर्वांत मोठी काटछाट इथेच होते. लग्न सकाळी आणि रिसेप्शन त्याच संध्याकाळी असेल, तर दोन याद्या वेगळ्या ठेवणं हाच स्वस्तातला उपाय आहे.

## २. एका वेळी हॉलमध्ये किती माणसं असतील?

रिसेप्शनला सगळे एकदम येत नाहीत. ७ ते १०ची वेळ दिली तर सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान गर्दी सर्वांत जास्त असते. तेव्हा एकूण पाहुण्यांपैकी साधारण ६० टक्के आत असतात. ३०० पाहुण्यांसाठी हा आकडा १८० झाला. जागा या आकड्यावर मोजायची.

चौरस फूट. खुर्च्या, बुफे आणि फिरायला वाट मिळून माणशी १५ चौरस फूट धरा. १८० गुणिले १५ म्हणजे २,७००, साधारण ६० बाय ४५ फुटांचा हॉल. स्टेजची जागा यात धरलेली नाही. २० बाय १२ फुटांचं स्टेज आणखी २४० चौरस फूट घेतं. हॉलवाले सांगतात ती "पाचशेची कपॅसिटी" बहुतेक वेळा ओळीने खुर्च्या मांडून केलेली असते. त्यात बुफेचं टेबल नसतं, हातात ताट घेऊन उभी माणसंही नसतात.

स्टेजची रांग. ३०० पाहुणे म्हणजे साधारण ११० गट. वर चढायचं, आहेर किंवा फुलं द्यायची, फोटो काढायचा, उतरायचं, यात एका गटाची ४५ सेकंद जातात. ११० गटांना ८२ मिनिटं लागतात. नवरानवरी सव्वासातला स्टेजवर आली तर पावणेनऊपर्यंत रांग संपते. पार्लरमधून सव्वाआठला आली तर पावणेदहा वाजतात, पाहुणे ताटकळतात, आणि हॉलचे वाढीव तास सुरू होण्याची वेळ येते. हा दोष हॉलचा नसतो, पण बिल हॉलच्या नावाने येतं.

बुफे. एका रांगेतून मिनिटाला चार ताटं भरली जातात असं धरा. १८० माणसांना एकच रांग असेल तर शेवटचा माणूस ४५ मिनिटांनी जेवायला लागतो. टेबल भिंतीला न चिकटवता मध्ये मांडून दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं, तर हाच वेळ २३ मिनिटांवर येतो. म्हणून हॉलमध्ये बुफेसाठी दोन बाजू मोकळ्या मिळतात का, हे लांबीरुंदीइतकंच महत्त्वाचं. पाणीपुरी किंवा डोसा असा लाइव्ह काउंटर असेल तर तो मुख्य रांगेपासून दूर ठेवा, नाहीतर सगळी रांग तिथे अडते.

पंगत. पंगतीला ६० माणसं बसत असतील तर ३०० माणसांच्या पाच पंगती होतात. एका पंगतीला उठाबशीसकट ४० मिनिटं धरली तर २०० मिनिटं झाली. तीन तासांच्या रिसेप्शनमध्ये हे बसत नाही. पंगतीची हौस असेल तर ज्येष्ठांची एक पंगत मांडा आणि बाकीच्यांना बुफे द्या.

## ३. तारीख: रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही

सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट तारीख ठरवताना नेमकी विसरली जाते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की त्या तारखांना शहरातले हॉल दोन्ही सत्रांत भरलेले असतात. लग्न मुहूर्तावर लागू द्या. रिसेप्शन त्याच आठवड्यातल्या बिनमुहूर्ताच्या दिवशी, शक्यतो सोमवार ते गुरुवारात घ्या. रिकाम्या तारखेला भाड्यात घासाघीस होते, आणि "मिनिमम"चा, म्हणजे कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यायचेच त्याचा आकडाही खाली आणता येतो. अधिक महिन्यात किंवा पौषात लग्नं फारशी होत नाहीत, त्यामुळे हॉल मोकळे असतात. घरच्या वडीलधाऱ्यांची हरकत नसेल तर हे दिवस जरूर विचारा. पितृपक्ष मात्र सोडा, त्यात पाहुणेच येत नाहीत.

वार ठरवताना जेवणाचाही विचार करा. मांसाहारी जेवण ठेवणार असाल तर सोमवार, गुरुवार, शनिवार टाळा. श्रावण आणि मार्गशीर्ष हे पूर्ण महिनेच बऱ्याच घरांत पाळले जातात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर बायका घरच्या पूजेत असतात. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास धरणारे ताट न घेता जातात आणि त्यांच्या ताटाचे पैसे मात्र पडतात. एकादशीचंही तेच. पंचांग मुहूर्तासाठी नाही, तर यासाठी उघडा.

शहराचं स्वतःचंही कॅलेंडर आहे. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीमुळे दादर, शिवाजी पार्कचा भाग माणसांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते. गणपतीत लालबाग, परळकडे गाडीने जाणं विसरा. दसऱ्याला शिवाजी पार्कवर सभा असते. जून ते सप्टेंबर लॉन किंवा गच्ची घेऊ नका, आणि हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या पाणी भरणाऱ्या जागेतूनच रस्ता असलेला हॉलही नको.

सावधान: रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉक ध्यानात ठेवा. तो साधारण दुपारी उशिरापर्यंत असतो, त्यामुळे संध्याकाळच्या पाहुण्यांना फार त्रास होत नाही. अडकतात ती दुपारी येणारी मेकअपवाली, फुलवाला आणि केटररची पोरं.

## ४. ठिकाण: यादीतली स्टेशनं मोजा

पहिल्या पायरीत प्रत्येक घरासमोर स्टेशन लिहून घेतलंय. आता पश्चिम, मध्य आणि हार्बर, प्रत्येक मार्गावर किती माणसं आहेत ते मोजा. दोनतृतीयांश माणसं एकाच मार्गावर असतील तर हॉल त्याच मार्गावर घ्या, दोन्ही पक्षांना "मधलं" म्हणून दादर धरू नका. डोंबिवली, कल्याण, ठाण्याचे पाहुणे जास्त असतील तर मुलुंड किंवा ठाणे दोघांनाही सोपं जातं. माणसं खरोखर निम्मी निम्मी असतील तरच दादर, माटुंगा, परळ या पट्ट्याचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे.

स्टेशनपासून हॉल चालत दहा मिनिटांच्या आत हवा. जरीची साडी, कडेवर मूल आणि हातात आहेराची पिशवी घेऊन याहून जास्त कुणी चालत नाही. पूर्व-पश्चिमेचा पूलही या दहा मिनिटांत धरा. आणखी एक गोष्ट उपनगरातले लोक विसरतात: रिक्षा शहर भागात येत नाही, पश्चिमेला वांद्र्याला आणि पूर्वेला शीवला तिची हद्द संपते. दादर किंवा गिरगावच्या हॉलसाठी टॅक्सी, बेस्टची बस किंवा मेट्रो ३ हेच पर्याय आहेत.

परतीचा विचारही करा. विरार, कसारा, कर्जत, पनवेलकडचे पाहुणे साडेनऊलाच घड्याळ बघू लागतात. ते यादीत जास्त असतील तर रिसेप्शन साडेसहाला सुरू करा आणि जेवण सातला उघडा.

## ५. जागेचा प्रकार

संस्थांचे आणि ज्ञातींचे हॉल. दादरचं ब्राह्मण सेवा मंडळ, वनिता समाज किंवा पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ ही या प्रकारातली माहितीतली नावं. भाडं माफक, दर लिहिलेले, जागा स्टेशनला धरून. पण नियमही तितकेच: सत्र ठरलेलं, अनेक ठिकाणी फक्त शाकाहार, केटरर आणि डेकोरेटर यादीतलेच. बजेटसाठी पहिली चौकशी इथेच करा, मात्र खूप आधी. सभासदाला सवलत असते तिथे नात्यातला सभासद शोधा.

पालिकेची समाजमंदिरं, शाळांचे हॉल. भाडं कमी, पण खुर्च्या, पंखे, पडदे, स्वच्छता हे बहुतेक आपल्यालाच आणावं लागतं. शाळेचा हॉल सुट्टीतच मिळतो.

बँक्वेट. ताटाच्या दरात हॉल, एसी, साधं डेकोरेशन, सगळं आलेलं असतं. धावपळ कमी होते, पण हात बांधलेले असतात तेही इथेच. मिनिममचा सापळाही इथलाच, त्याचं गणित पुढे आहे.

रेस्टॉरंटचा वरचा मजला. ८० ते १२० पाहुणे असतील तर हा पर्याय लोक उगाच डावलतात. भाडं नसतं, भांडी-खुर्च्यांची चिंता नसते. स्टेज मिळत नाही, तर एका भिंतीला पडदा आणि दोन खुर्च्या पुरतात.

सोसायटीची गच्ची किंवा आवार. फुकट वाटते. मंडप, खुर्च्या, वीज, पाणी, फिरतं शौचालय, सोसायटीची लेखी परवानगी आणि शेजाऱ्यांची मर्जी यांची बेरीज केली की १५० पाहुण्यांच्या वर ती क्वचितच स्वस्त राहते. एकच जिना असलेल्या गच्चीवर मांडव आणि गॅसच्या शेगड्या एकत्र नकोतच.

## ६. फोनवर विचारायचे प्रश्न

आठ-दहा ठिकाणी फोन करा. सगळीकडे तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा, उत्तरं वहीत लिहा. एकेका हॉलला वेगवेगळं विचारलं तर तुलना होत नाही.

१. अमुक तारखेचं संध्याकाळचं सत्र मोकळं आहे का? हॉल हातात किती वाजता येतो आणि किती वाजता सोडायचा?
२. सकाळच्या सत्रात लग्न असतं का?
३. भाडं किती, त्यावर जीएसटी वेगळा का, डिपॉझिट किती आणि ते किती दिवसांत परत?
४. बाहेरचा केटरर चालतो का? चालत असेल तर रॉयल्टी, म्हणजे केटररपायी हॉल घेतो ते पैसे, ताटामागे किती?
५. डेकोरेटर, साउंड, फोटोग्राफर बाहेरचे चालतात का?
६. स्वयंपाक हॉलवर करता येतो, की फक्त गरम करता येतं?
७. वीजबिल भाड्यात आहे की मीटरप्रमाणे? युनिटला किती? जनरेटरचे वेगळे का?
८. मिनिमम किती ताटं? जास्तीच्या ताटाचा दर काय?
९. वाढीव तासाला किती?
१०. खुर्च्या किती, टेबलं किती, सोफा आणि माइक भाड्यात आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर सावध व्हा. सकाळचं लग्न ३ वाजता संपायचं असतं, निघेपर्यंत ४ होतात. मग झाडलोट होते. तुमच्या डेकोरेटरला किमान तीन तास हवे असतात आणि त्याला साडेचारला हॉल मिळाला, तर साडेसातला पहिला पाहुणा येतो तेव्हा शिडी स्टेजवरच असते.

सहावा प्रश्नही हलका समजू नका. स्वयंपाकाला मनाई असेल तर जेवण बाहेरून शिजून येतं आणि तिथे फक्त गरम होतं. अशा ठिकाणी मेन्यूत पुरी, भजी, गरम जिलेबी ठेवू नका. ती मऊ पडलेलीच ताटात येईल, आणि नाव केटररचं खराब होईल.

## ७. सगळं धरून माणशी किती? दोन हॉलचं गणित

इथे घाई करू नका, याच पायरीवर हजारो रुपये सुटतात किंवा जातात. खालचे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला.

हॉल अ, संस्थेचा. भाडं ६०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०,८००. यादीतला केटरर ४८० रुपये ताट अधिक ५ टक्के. रॉयल्टी ताटामागे ३०. डेकोरेशन ३५,०००. मीटर ३०० युनिट, युनिटला २० प्रमाणे ६,०००. जनरेटर ५,०००. सफाई ३,०००.

हॉल ब, बँक्वेट. ८५० रुपये ताट, त्यात हॉल, एसी, वीज, साधं डेकोरेशन. जीएसटी ५ टक्के. मिनिमम ३०० ताटं.

२५० पाहुणे आले तर:
- अ: ७०,८०० + १,२६,००० + ७,५०० + ३५,००० + ६,००० + ५,००० + ३,००० = २,५३,३००. माणशी १,०१३.
- ब: पैसे ३०० ताटांचेच द्यायचे. २,५५,००० + १२,७५० = २,६७,७५०. माणशी १,०७१.

३०० पाहुणे आले तर:
- अ: ७०,८०० + १,५१,२०० + ९,००० + ३५,००० + ६,००० + ५,००० + ३,००० = २,८०,०००. माणशी ९३३.
- ब: तेच २,६७,७५०. माणशी ८९२.

२५० आले तर अ १४,४५० रुपयांनी स्वस्त, ३०० आले तर ब १२,२५० रुपयांनी. म्हणजे स्वस्त हॉल कुठला, हे यादीवरच ठरतं. पहिली पायरी गाळलेल्या माणसाला हे गणित करताच येत नाही.

मिनिमम नेहमी यादीच्या खाली ठरवा. ३०० अपेक्षित असतील तर २५०वर अडून बसा, वरची ताटं ताटाच्याच दराने द्यायची तयारी ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी हॉलवाले हे मान्य करतात, रविवारी क्वचित.

जीएसटीबद्दल दोन शब्द. नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के लागतो. जेवणासकट हॉल असेल तर साधारण ५ टक्के, मोठ्या हॉटेलांच्या आवारात १८ टक्के. नोंदणीकृत धार्मिक ट्रस्टचा, देवस्थानाच्या आवारातला हॉल दिवसाला १०,००० रुपयांच्या आत असेल तर त्या भाड्यावर जीएसटी लागत नाही. जवळच्या देवळाचा हॉल म्हणूनच विचारून बघावा. "बिल नको असेल तर टॅक्स नाही" असं कुणी म्हणालं तर पावती नाही, आणि पावती नाही तर भांडायला आधार नाही.

तपासा: दर ऐकताना "पासून" हा शब्द आला का? "साडेसहाशेपासून सुरू" म्हणजे त्या दरात एक गोड, एक भाजी आणि पापड. तुमच्या मेन्यूचाच दर लिहून मागा.

## ८. आता हॉल बघायला जा

दोन किंवा तीनच ठिकाणं उरली असतील. तुमचं रिसेप्शन ज्या वारी, ज्या वेळी आहे, त्याच वारी त्याच वेळी जा. मंगळवारी सकाळी ११ला रिकामा हॉल छानच दिसतो. स्टेशनवरून चालत जा, गाडीने नको.

मोजपट्टी न्या, फोनमधल्या अ‍ॅपवर विसंबू नका. मध्ये खांब असतील तर स्टेज दिसत नाही त्या खुर्च्या वजा करा. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टमध्ये किती माणसं मावतात आणि तीच लिफ्ट केटररच्या पातेल्यांनाही वापरतात का, ते बघा. तसं असेल तर ज्येष्ठ मंडळी खाली अडकतात. समारंभ वर आणि जेवण खाली, अशी मांडणी मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे जिन्याचे कठडे आणि पायऱ्यांची उंची बघा.

शौचालयं स्वतः बघून या. शक्यतो समारंभ चालू असताना, दिवसाच्या शेवटी. एसी असेल तर तो अर्धा तास चालू ठेवायला सांगा. भरलेल्या हॉलमध्ये मे महिन्यात कुठला एसी दम टाकतो, हे व्यवस्थापकापेक्षा तिथला वॉचमन खरं सांगतो.

आगीच्या बाबतीत संकोच न करता विचारा. बाहेर पडायचे किमान दोन मार्ग हवेत आणि दुसऱ्या दारासमोर खुर्च्यांची चळत नको. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं तपासणी प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यावं लागतं. शेवटचं कधीचं आहे ते दाखवायला सांगा. न दाखवता विषय बदलला तर पुढच्या हॉलकडे वळा.

आवाजाचं: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे. बंदिस्त सभागृहाला नियमात आतल्या आत सवलत असली, तरी बहुतेक हॉल १०ला आवाज बंद करतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय १०० मीटरच्या आत असेल तर तो घोषित शांतता परिसर असू शकतो. लॉनवर ऑर्केस्ट्राचा बेत असेल तर हे आधी बघा.

काही हॉल गाण्यांसाठी "म्युझिक लायसन्स"चे पैसे मागतात. कॉपीराइट कायद्यात लग्न आणि त्याच्याशी निगडित सामाजिक सोहळ्यांना सूट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये हे स्पष्ट करणारी सूचनाही काढली. शांतपणे तेवढं सांगा आणि कुठल्या कारणासाठी पैसे, ते लेखी मागा. बहुधा मागणी तिथेच थांबते.

## ९. कागद झाल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स नको

तोंडी कबूल केलेलं सगळं एका पानावर लिहा आणि त्यावर सही-शिक्का घ्या. कागदावर या गोष्टी हव्यातच:

- तारीख, हॉलचं किंवा मजल्याचं नाव (एकाच इमारतीत दोन हॉल असतात), हातात येण्याची आणि सोडण्याची वेळ
- ताटाचा दर, मेन्यू पदार्थांच्या नावासकट, मिनिमम, जास्तीच्या ताटाचा दर
- ताटं मोजायची पद्धत आणि दोन्हीकडून मोजणारा माणूस
- वीज, जनरेटर, वाढीव तास, सफाई यांचे दर
- तारीख बदलली किंवा रद्द केली तर किती पैसे परत
- हॉलकडूनच रद्द झालं तर काय

शेवटचा मुद्दा जवळजवळ कुणीच लिहून घेत नाही. दुरुस्ती, निवडणुकीसाठी जागा ताब्यात जाणं, आधीचं बुकिंग, काहीही होऊ शकतं. पूर्ण रक्कम किती दिवसांत परत, एवढं एक वाक्य तरी घाला.

अ‍ॅडव्हान्स चेकने किंवा ऑनलाइन द्या. एका समारंभापोटी रोख २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, तेव्हा "सगळं कॅशमध्ये" म्हणणाऱ्या मोठ्या हॉलची काळजी त्यालाच करू द्या. पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याच नावे घ्या, म्हणजे डिपॉझिट परत येताना गोंधळ होत नाही.

सावधान: टोकन देऊन "बाकी नंतर बोलू" असं कधीच नको. टोकन दिल्यावर घासाघिशीची ताकद हॉलवाल्याकडे जाते.

## १०. शेवटचे पंधरा दिवस

ताटांचा अंतिम आकडा केटररला साधारण तीन दिवस आधी द्यायचा असतो, त्यामुळे त्याच्या आठवडाभर आधी "बहुतेक"वाल्या घरांना फोन करा. पत्रिका पोचली का, हे विचारायचं निमित्त पुरतं. आकडा फुगवून सांगू नका. केटरर पाच-दहा टक्के जास्तीचं शिजवतोच.

पाण्याच्या बाटल्या वाटल्या की निम्म्या अर्ध्या भरलेल्याच टेबलावर राहतात. २० लिटरचे जार लावा. माणशी पाऊण लिटर धरलं तर ३०० माणसांना १२ जार, मे महिन्यात १५. ग्लास कागदी किंवा स्टीलचे घ्या, एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांना महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे.

त्या दिवशी हॉल हातात येताच मीटरचा फोटो काढा, सोडताना पुन्हा काढा. मोडक्या खुर्च्या, भिंतीवरचे आधीचे डाग, फुटलेल्या काचा यांचेही फोटो काढून लगेच व्यवस्थापकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. डिपॉझिट कापलं जातं ते बहुधा आधीच्या सत्रातल्या नुकसानीपायी.

ताटं मोजायला तुमच्याकडचा एक माणूस, शक्यतो फोटोत यायची घाई नसलेला, ताटांच्या ढिगाजवळ उभा करा. सुरुवातीला ढिगात किती ताटं होती आणि शेवटी किती उरली, एवढं त्याने लिहायचं. दहा वाजता केटररच्या माणसाबरोबर तिथेच आकडा जुळवून दोघांनी सही करायची. हिशेब दुसऱ्या दिवसावर गेला की ताटं वाढतात.

साडेनऊला स्टेजच्या रांगेत अजून वीस गट असतील तर जोडप्यालाच खाली उतरवा आणि टेबलांकडे फिरवा. पाहुण्यांना ते जास्त आवडतं, आणि दहाला दिवे बंद करणाऱ्या हॉलला वाढीव तासाचे पैसे द्यावे लागत नाहीत.